धोंड्याची रजा

“सर, सासरवाडीचं बोलावणं आलंय धोंड्याला. दोन दिवस रजा पाहिजे होती.”

सचिन दारातच उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती, कारण पठाडे सर सकाळपासून तापलेले होते. आढावा समिती पुढच्या आठवड्यात येणार होती आणि आमचा प्रोजेक्टर हिरवा रंग दाखवायला तयार नव्हता.

सरांनी मान वर न करता विचारलं, “परवाच गेलता की रे तू धोंड्याला?”

“परवा कुठं, सर? मागला धोंडा कोरोनात आला. तवा कोण जाऊ देतंय? सासूबाई अजून बोलून दाखवत्यात, जावयाचा एक धोंडा बुडाला म्हणून.”

“म्हंजे तीन वर्षं झाली म्हण की.”

“तीन पण पुरती नाय, सर. धोंडा तीनाच्या आतच येतो. म्हणून तर सासरे बेजार हायेत. तीन जावई हायेत त्यांना.”

सर हसले, रजा मिळाली, सचिन गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर मीही हसत होते. मग हसू तोंडातच राहिलं. ‘तीनाच्या आत’ हा आकडा गेले दोन महिने माझ्या स्क्रीनवर होता.

हे काय प्रकरण होतं ते नीट सांगते.

मी तेव्हा पोस्टडॉक होते. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीच्या पुढची पदवी नव्हे. ती नोकरी आहे, आणि तीही कराराची. कुणाच्या तरी प्रकल्पावर ठरावीक मुदतीसाठी लागायचं, मुदत संपली की पुढची जागा शोधायची. हे आमच्या पुंडलिकनगरात मला कुणालाच पटवता आलं नाही. समोरच्या काकू गेटमधून विचारायच्या, “मनीषा, पीएचडी झाली ना गं? मग अजून शिकतेच काय?” आई शेवटी कंटाळून सांगायला लागली, “ती कॉम्प्युटरमध्ये हाय.” त्यावर कुणी पुढं विचारत नसे. कॉम्प्युटर म्हटलं की आमच्या गल्लीचं समाधान होतं.

आईचं तसं चुकत नव्हतं. जाहिरातीतच लिहिलं होतं, प्रोग्रॅमिंग आणि डेटा अ‍ॅनालिसिस येणं आवश्यक. प्रकल्प शेतीचा होता. शेतीतले पीएचडीवाले सरांना पैशाला पासरी मिळत होते, कोड लिहिणारं माणूस मिळत नव्हतं. मी स्टॅटिस्टिक्सची. पहिली पोस्टडॉक हैदराबादला केली. मग बाबा गेले, आई एकटी पडली, नवऱ्याची नोकरी जवळच वाळूजच्या कारखान्यात. अशात आपल्याच शहरात, आपल्याच विषयातली जागा निघाली. मी मुलाखतीला आले तेव्हा देवाला काय काय कबूल केलं होतं ते आता सांगत नाही. अशी जागा शहरात ती एकच होती. ती गेली की एकतर गाव सोडायचं, नाहीतर संशोधन सोडायचं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमची खोली डिपार्टमेंटच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा. कूलर एवढा आवाज करायचा की सरांशी बोलताना तो बंद करावा लागे, आणि सर बोलायला लागले की लवकर थांबत नसत, म्हणून उन्हाळा आम्ही घामातच काढला. हिवाळ्यात सचिन करमाडहून हुरडा आणायचा आणि पुढं महिनाभर माझ्या कीबोर्डातून ज्वारीचे दाणे निघायचे. सचिन आमचा फील्ड असिस्टंट. गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या पोरांचा तो म्होरक्या. त्यानंतर मी काचेच्या भिंतींच्या ऑफिसांत बसले, पण तशी खोली पुन्हा मिळाली नाही.

पठाडे सर करमाडच्या पुढच्या एका गावचे, शेतकऱ्याचं पोर. रिटायरमेंटला वर्षही राहिलं नव्हतं. रागीट माणूस, पण राग टिकायचा नाही. चिडले की उर्दूवर जायचे. “बाई, हा काय तमाशा लावलाय,” म्हणून फाइल आपटायचे आणि पाच मिनिटांनी स्वतःच चहा सांगायचे.

प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. करमाडच्या आसपासच्या गावांत कापसाची पहिली वेचणी मागच्या वीसेक वर्षांत अलीकडं आली की पलीकडं गेली? हवामान बदलतंय म्हणतात, तर ते कापसाला कळलंय का? वरून छापील प्रश्नावली आली होती. त्यात विचारलं होतं, पहिल्या वेचणीची तारीख. सरांनी पहिल्याच मीटिंगमध्ये त्या ओळीवर काट मारली.

“पहिली वेचणी कधी झाली, हे कुणाच्या बापाला आठवत नाय. सीतादही कधी घातली, हे विचारा. धडाधडा सांगतील.”

सीतादही म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करण्याआधीची पूजा. शेतात पाच खडे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या कापसाचा धागा झाडाला गुंडाळायचा. मग वेचणी सुरू. सरांचे वडील, आबा, बोंड फुटलं की त्याच दिवशी घालायचे. सर हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. दहीभात खायला मिळायचा म्हणून ते लहानपणी रोज सकाळी रानात जाऊन बोंडं बघून यायचे. “पुण्या-दिल्लीवाल्यांना हे सुचणार हाय का?” असं ते समोर येईल त्याला विचारत. आणि खरंच, लोकांनी धडाधडा सांगितलं. आमच्याएवढा भरगच्च डेटा कुणाकडंच नव्हता.

माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं. आधी डेटा क्लीन करायचा, म्हणजे धान्य निवडतो तसं. कुणी गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. आपल्या शहराचं नाव अर्ध्या फाइलींत औरंगाबाद, अर्ध्यांत छत्रपती संभाजीनगर. कॉम्प्युटरला ती दोन शहरं वाटतात, त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हे सगळं झाल्यावर मी ग्राफ काढला आणि खुर्चीतच सरळ बसले.

ग्राफ करवतीच्या दातांसारखा होता. वेचणी एक-दोन वर्षं थोडी थोडी अलीकडं सरकायची, मग एकदम दोन-अडीच आठवडे पलीकडं उडी मारायची. पुन्हा अलीकडं, पुन्हा उडी. सगळ्या गावांत एकाच वर्षी. आकड्यांच्या रांगेत कुठला ताल किती काळानं परत येतो हे शोधायची एक पद्धत असते. ती लावली, तर उत्तर आलं तीन वर्षांना जरा कमी. पावणेतीनच्या आसपास.

सर नाचायचेच बाकी होते. “बाई, कापसाला ताल हाय. पावणेतीन वर्षांचं चक्र.”

“सर, पावसात हा ताल दिसत नाही. मी त्याच गावांचा पाऊस बघितला.”

“पावसात नसंल तर जमिनीच्या ओलीत असंल.”

“ओलीचे आकडे आपल्याकडं नाहीत.”

“म्हणूनच दुसरा टप्पा मागू. हे चक्र दाखवलं की समिती नाय म्हणूच शकत नाय.”

दुसरा टप्पा म्हणजे माझा करार आणखी तीन वर्षं. सरांना रिटायर झाल्यावरही मानद म्हणून राहता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शोधांवर काम केलं होतं. हा त्यांचा पहिला स्वतःचा. मला पावसाची शंका होती, पण सगळी गावं एकाच वेळी उडी मारत होती, ते खोटं कसं म्हणायचं? मीही गप्प बसून स्लाइड्स करत होते.

आणि मग सचिनला धोंड्याला बोलावणं आलं.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, हे जावयांच्या सासऱ्यांना सांगायला नको. चंद्राचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळं आपले सण दरवर्षी तेवढे अलीकडं येतात. फार अलीकडं येऊ नयेत म्हणून तीन वर्षं पुरी व्हायच्या आत एक महिना वाढवतात, आणि सण पुन्हा पलीकडं जातात. अलीकडं, अलीकडं, मग उडी.

मी पळत सायकल स्टँडवर गेले. सचिन गाडीला किक मारत होता.

“सचिन, सीतादही कधी घातली विचारल्यावर लोक काय सांगायचे? नेमके शब्द सांग.”

“दसऱ्याला म्हणायचे, ताई. नायतर दसरा झाल्यावर चार दिवसांनी.”

“मग तू काय लिहायचास?”

“अ‍ॅपमंदी तारीखच टाकावी लागती ना. त्या वर्षीचा दसरा मोबाइलात बघायचा, चार दिवस मिळवायचे, टाकायची तारीख. समद्या पोरांना मीच शिकवलं. काय चुकलं का?”

“नाही. बरोबर टाकल्यास तारखा. जा तू, धोंडा खा.”

परत येऊन मी एक ओळ लिहिली. प्रत्येक तारखेतून त्या वर्षीचा दसरा वजा केला. करवत गेली. वीस वर्षांची सपाट रेघ उरली, सुतानं मारल्यासारखी. मी ती तीनदा चालवून बघितली. आपण कापूस मोजलाच नव्हता. आपण दसरा मोजला होता.

सर जेवून आल्यावर कूलर बंद केला आणि स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. सगळं सांगितलं. सर चिडले.

“सीतादही दसऱ्याला कोण घालतंय? काहीतरीच. बोंड फुटलं की घालतात. मला शिकवू नको.”

“सर, लोक तसं सांगतायत.”

“मी त्याच मातीतला हाय, बाई.” त्यांनी फोन उचलला आणि गावी वहिनींना लावला. स्पीकर चालू केला, मला ऐकवायला. “वहिनी, आपण सीतादही कधी घालतो?”

“दसऱ्याला की,” वहिनी म्हणाल्या. “का हो भाऊजी, येताय व्हय औंदा?”

“अन् आबा बोंड फुटलं की घालायचे ते?”

“आबांची गोष्ट येगळी होती. आता पोरं कंपनीत, एक शेंद्र्याला, एक वाळूजला. दसऱ्याचीच सुट्टी भेटती त्यांना. रिकाम्या घरात दहीभात कुणासाठी करायचा? आबा गेल्यापासून दसऱ्यालाच घालतो. समद्या गावाचं तसंच झालंय.”

सरांनी फोन ठेवला. पुण्या-दिल्लीवाल्याला ही चूक करताच आली नसती. त्यानं आपली सरळ तारीख विचारली असती आणि लोकांनी आठवत नाही म्हणून सांगितलं असतं. ही चूक फक्त करमाडच्या पोरालाच जमणारी होती. सर विचारत होते ती सीतादही त्यांच्या लहानपणातली होती. लोक सांगत होते ती आत्ताची. मला त्यांच्याकडं बघवेना.

“शाबास,” सर शेवटी म्हणाले. “दोन वर्षं राबून आपण पंचांग शोधलं.”

मग म्हणाले, “हा ग्राफ मला मेल कर. आणि समितीपुढं तू एक शब्द बोलायचा नाय. हे माझ्यावर सोड.”

ते आठ दिवस वाईट गेले. स्लाइड्स सरांनी स्वतःकडं घेतल्या. मला दाखवल्या नाहीत. धोंड्याहून परत आलेला सचिन अनारसे घेऊन आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, गप ऱ्हावा. टप्पा मिळाला तर तुमची नोकरी राहती, माझी राहती. सरांची इज्जत राहती. दसरा काय कुणाचं वाकडं करतोय?” मला त्याचा राग आला नाही. रोज सकाळी स्कूटर काढताना मीही हेच म्हणत होते आणि डिपार्टमेंटच्या गेटपाशी येईपर्यंत उलटं ठरवत होते. सर लपवतील असं मला खरंच वाटलं होतं. लपवलं तर मी उठून बोलणार होते का? प्रामाणिकपणे सांगते, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

समिती आली. पोहे झाले, चहा झाला. अध्यक्ष पुण्याहून आलेल्या एक वयस्क बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. सर उभे राहिले आणि पडद्यावर करवतीचा ग्राफ लावला. सगळं सांगितलं. सगळ्या गावांत एकाच वर्षी उडी, पावणेतीन वर्षांचं चक्र. समितीतले लोक पुढं सरकून बसले. मी टेबलाखाली दुपट्टा पिळत होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “डॉक्टर पठाडे, हे फारच महत्त्वाचं दिसतंय.”

“महत्त्वाचं हायेच,” सर म्हणाले. “हा दसरा हाय.”

कुणाला कळेना. सरांनी पुढची स्लाइड लावली, माझी सपाट रेघ. अधिक महिना समजावून सांगितला. सीतादहीचा प्रश्न कुणी घातला, ते सांगितलं. वहिनींचा फोनसुद्धा सांगितला. एक जण हसला.

“मग प्रकल्पाचा निष्कर्ष काय लिहायचा?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“लिहा, की पठाड्यानं प्रश्न चुकीचा विचारला. तारखा गोळा करणाऱ्यांनी काम चोख केलं. आणि ही चूक या मनीषाबाईंनी पकडली. छापून येण्याच्या आधी पकडली, त्यामुळं तुमचीही लाज राहिली.”

बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. डोळे भरून आले होते, पण आवाज रागाचाच निघाला. “मला बोलू का दिलं नाहीत? आठ दिवस मी काय काय विचार केला तुमच्याबद्दल, माहितीय?”

“बेशक केला असशील. करायलाच पाहिजे होता.” सर चष्मा पुसत होते. “तू बोलली असतीस तर लोक म्हणाले असते, पोरीनं भर सभेत गाइडचे वाभाडे काढले. पुढची जागा कुणी दिली असती तुला? मी तर चाललोच हाय घरी. माझी चूक माझ्याच तोंडून गेलेली बरी.”

दुसरा टप्पा मिळाला नाही. प्रकल्पाची उद्दिष्टं पूर्ण झाली असं गोड भाषेत कळवलं गेलं. माझा करार मार्चअखेर संपला. सर त्याआधीच रिटायर झाले होते. सचिनला जालन्याच्या एका बियाणे कंपनीत काम मिळालं आणि त्याच्या सासऱ्यांनी म्हणे त्या आनंदात आणखी एकदा जेवायला बोलावलं. मी गाव सोडलं. हैदराबादला दवाखान्यांच्या डेटावर काम करते. तिथल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, मागच्या प्रकल्पातून काय निष्पन्न झालं? मी ही सगळी हकीकत सांगितली. प्रोग्रॅमिंगचं पुढं कुणी काही विचारलंच नाही. जागा मिळाली.

आता नवे पोस्टडॉक घेताना मीही टेबलाच्या पलीकडं बसते. पोरांना कोड उत्तम येतो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी त्यांना एवढंच सांगते, की आकडा आला की तो कुणाच्या तोंडून निघाला आणि निघताना काय होता, ते विचारून या. प्रश्न आपल्याच माणसानं घातला असेल तर दोनदा विचारा.

सर गावी शेती बघतात. समितीच्या त्याच हंगामात त्यांचा पहिल्यांदा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “लिहून घे. आज आपल्या रानात पहिलं बोंड फुटलं.” दसऱ्याला पुन्हा फोन, “वहिनीनं सीतादही घातली. ही तारीख दुसऱ्या रकान्यात.” तेव्हापासून दरवर्षी दोन फोन येतात. फाइल माझ्याकडं आहे. तिला प्रकल्प नाही, समिती नाही, निधी नाही.

मागच्या हंगामात बोंडाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तारीख टाकली आणि म्हटलं, “सर, बोंडाच्या रकान्यात आता तीन तारखा झाल्या.”

“तीनच हायेत, बाई,” सर म्हणाले. “इतक्यात चक्र-बिक्र काढू नको.”